कासरा हाती देताना

विकावयास काढलेली वस्तू चालवून पाहण्यासाठी मालकाने अनोळखी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केली, म्हणजे त्या घटकेपुरते त्या दोघांमध्ये जे नाते उत्पन्न होते ते नेमके कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ बाजारातला वाटतो. परंतु त्याचा थोडा पाठपुरावा केला की परका म्हणजे कोण, आणि न बोलणे हे असत्य केव्हा ठरते, अशा धर्मविचाराच्या अगदी गाभ्यातल्या प्रश्नांपाशी तो आपल्याला आणून सोडतो. सौदा अजून ठरलेला नसतो, पैसा हाती आलेला नसतो, मालकी हक्क जिथल्या तिथे असतो. आणि तरीही वस्तू मालकाच्या हातून सुटलेली असते व घेणाऱ्याचा जीव तिच्यावर स्वार झालेला असतो. व्यवहाराच्या दुसऱ्या कोणत्याही टप्प्यावर दोन अपरिचित माणसे एकमेकांच्या इतकी अधीन झालेली आढळत नाहीत.

पाश्चात्त्य देशांत हा प्रसंग ज्या वाहनाच्या बाबतीत फार बिकट होतो ते वाहन म्हणजे चाकांवरचे घर होय: आत चूल, बिछाने, पाण्याची टाकी, आणि चालवणाऱ्याच्या पाठीमागे सगळा संसार. अशी मोटार मालक स्वतःच विकावयास काढतो, तेव्हा ती चालवून पाहिल्यावाचून कोणी घेत नाही, आणि एवढे अवजड घर परक्याच्या हाती सोपवताना मालकाचा जीव टांगणीला लागतो. परभणी जिल्ह्याच्या रस्त्यांवर अशा मोटारी दिसत नाहीत. परंतु चाकांवरचे घर मात्र येथे आजही आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेव्हा टायरगाडीवर धान्याची पोती, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि वर लहान मुले बसवून, कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी उभी राहीपर्यंत त्यांचे घर त्या गाडीवरच असते. ते घर ओढणारी बैलजोडी हंगामाच्या आधी बाजारात पारखून घ्यावी लागते, आणि तीही बहुधा उचलीच्या पैशातून, म्हणजे अद्याप न केलेल्या श्रमाच्या मोलावर. घाटाच्या चढावर उसाने भरलेल्या गाडीखाली बैल बसला, तर बुडणारी गोष्ट केवळ किंमत नसते. यासाठी आपल्या प्रश्नाचे उदाहरण दूरदेशी शोधण्याची गरज मला वाटत नाही.

बैलबाजारात घेणारा प्रथम बैलाचे तोंड उघडून पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावरून वय ठरते, आणि वयावरून तो आणखी किती वर्षे ओढील याचा अंदाज बांधला जातो. मग जुवाने खांदा सुजला आहे, फुटला आहे की निबर झाला आहे, हे हात फिरवून तो पाहतो. खूर, डोळा, वशिंड, चाल यांच्यावरून त्याची नजर सावकाश फिरते. जनावर लाल कंधारी असो वा देवणी, जातीच्या लौकिकावर जाणता शेतकरी विसंबत नाही. रुमालाखाली बोटांनी किंमत बोलली जाण्यापूर्वी किंवा त्यानंतर, पण इसार देण्याच्या आधी, बैल औताला नाही तर भरल्या गाडीला जुंपून पाहावा असा तो आग्रह धरतो, आणि त्या आग्रहात कोणाला अपमान वाटत नाही. दात, खांदा आणि खूर डोळ्यांना दिसतात. खोड दिसत नाही. बैल चढावर जू टाकतो, डाव्या अंगालाच चालतो, अंधारात बुजतो, बाईमाणसाला जवळ येऊ देत नाही, ही माहिती ज्याने त्याला चार-पाच वर्षे जुंपले त्याच्याच जवळ असते. एका घटकेच्या चाचणीत पाच वर्षांचा सहवास कसा हाती यावा? ट्रॅक्टर, जीप, टेंपो यांची गोष्ट याहून वेगळी नाही. एमएच २२ या क्रमांकाचे जुने वाहन विकत घेणारा मनुष्य ते गावाबाहेरच्या रस्त्यावर नेऊन आणतो, ब्रेक दाबून पाहतो, धुराचा रंग पाहतो. परंतु भर ओझ्यावर तिसरा गिअर निसटतो किंवा माघाच्या थंडीत इंजिन पहाटे सुरूच होत नाही, हे त्याला त्या फेरीत कळण्याचा संभव थोडा.

ज्ञानाची ही विषमता आपल्या धर्मशास्त्रकारांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. स्मृतींमध्ये व्यवहाराची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत, त्यांत विकून किंवा विकत घेऊन पस्तावलेल्या मनुष्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. मनूने अशा मनुष्याला दहा दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्याने याहून बारीक विचार केला, आणि वस्तूवस्तूच्या स्वभावाप्रमाणे परीक्षेचा काळ वेगवेगळा ठरवला: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच. त्याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत, ही गोष्ट झाकून ठेवून त्या यादीचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही. माणसाला वस्तूंच्या रांगेत बसवणाऱ्या त्या काळाचा तो डाग आहे. परंतु वाहनाची परीक्षा बाजारातल्या एका फेरीत होत नाही, त्याला जुंपावे लागते, थकू द्यावे लागते, एक रात्र उलटून दुसऱ्या सकाळी पुन्हा जुवाखाली आणावे लागते, एवढी शेतकऱ्याची जाण त्या पाच दिवसांत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयाला होता, आणि ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. या बैलांचा आणि या मातीचा विचार त्या टीकाकाराला परका नसणार, असे मानण्यास हरकत नसावी. नारदानेही दुभत्याला तीन व वाहनाला पाच दिवस हीच मुदत दिली, पण तिच्या जोडीला घेणाऱ्यावरही बंधन घातले: त्याने स्वतः पाहावे, आणि एकदा पारखून पसंत केलेली वस्तू मागाहून विकणाऱ्याच्या दारात आणून टाकू नये.

सुमारे सव्वादोनशे वर्षे निजामी अंमलाखाली राहिलेल्या या जिल्ह्यात खरेदी-विक्रीचा दुसरा एक धर्मविचारही तितकाच घरचा आहे. इस्लामी धर्मशास्त्रात सौदा करतानाच काही दिवसांची मुभा राखून ठेवता येते, आणि इमाम अबू हनीफा यांनी तिची मर्यादा तीन दिवसांची मानली. दोष आढळल्यास वस्तू परत करण्याचा हक्क याहून निराळा. परंतु मला विशेष महत्त्वाची वाटते ती पैगंबरांच्या नावे सांगितलेली एक आज्ञा. उंटिणीची किंवा शेळीची धार मुद्दाम न काढता कास तुंबवून ठेवायची आणि ती फार दुभती आहे असा भास निर्माण करून विकायची, ही चाल तेथे निषिद्ध ठरवली आहे. आणि जो असा फसला त्याने धार काढून पाहिल्यावर जनावर ठेवावे किंवा परत करावे, मात्र परत करताना सोबत एक माप खजूर द्यावा, असे सांगितले आहे. या खजुराच्या मापावर मी पुष्कळदा विचार केला आहे. फसवणूक विकणाऱ्याची, तक्रार खरी, आणि तरीही परीक्षेच्या काळात जे दूध घेणाऱ्याच्या घरात गेले त्याची भरपाई त्याने करावयाचीच. परीक्षेचा अधिकार म्हणजे दुसऱ्याची वस्तू फुकट वापरण्याचा परवाना नव्हे, ही न्यायबुद्धी इतक्या साध्या रीतीने अन्यत्र क्वचितच व्यक्त झाली असेल. जो मनुष्य घेण्याचा मनात विचार नसताना दुसऱ्याची मोटार फिरवून आणतो, त्याचे डिझेल जाळतो, किंवा चाचणीच्या नावाखाली आपल्या शेताची पाळी घालून घेतो, तो त्या खजुराचा ऋणी राहतो. आणि कास तुंबवण्याचे नवे रूप कोणते, हे जुन्या मोटारी विकणाऱ्यांना विचारावे लागत नाही: गिऱ्हाईक येण्यापूर्वीच इंजिन सुरू करून तापवून ठेवणे, म्हणजे थंड इंजिनाचा रडवेपणा त्याच्या कानी पडत नाही.

आता आपल्या आजच्या कायद्याकडे येऊ. १८७२ च्या करार कायद्यात कपटाची व्याख्या करणारे सतरावे कलम आहे, आणि त्याखाली दृष्टान्त दिले आहेत. ‘अ’ आपला घोडा लिलावात ‘ब’ला विकतो, घोडा निकोप नाही हे ‘अ’ला ठाऊक असते, पण तो काही बोलत नाही, हे कपट नव्हे, असे कायदा सांगतो. ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळेच सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या दृष्टान्तात घेणारा म्हणतो की तू नाकारले नाहीस तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहतो. तेथे त्याचे मौन बोलण्यासारखेच मानले जाते. याच कायद्याच्या दीडशेव्या कलमात, वस्तू वापरावयास देण्याच्या प्रकरणात, पुन्हा एकदा घोडा येतो. ‘अ’ने आपला घोडा ‘ब’ला वापरावयास दिला, तो खोडकर आहे हे ‘अ’ला माहीत होते, त्याने सांगितले नाही, घोडा उधळला, ‘ब’ पडला, जखमी झाला. येथे ‘अ’ जबाबदार आहे, असे कायदा निःसंदिग्धपणे सांगतो.

मालक तोच, घोडा तसाच, मौनही तेच. लिलावात ते निर्दोष, उसने देताना सदोष. माझ्या सगळ्या प्रश्नाचे मर्म या दोन कलमांच्या मधल्या जागेत आहे, कारण चाचणी नेमकी त्या जागेत उभी असते. चाचणीच्या वेळी मालक विक्रीच्या इच्छेने वस्तू देतो, पण देतो ती वापरावयास. तेव्हा दोष लपवून त्याने कासरा किंवा चावी परक्याच्या हाती दिली आणि अपघात घडला, तर दुसऱ्या घोड्याच्या मालकासारखा तो उत्तरदायी ठरावा, याविषयी मला संदेह वाटत नाही. इतके कोणीही मान्य करील. परंतु पुढे काय? समजा, चाचणी निर्विघ्न पार पडली, इसार दिला गेला, रक्कम मोजली गेली, पावती झाली. घेणारा दुसऱ्या दिवशी त्याच बैलावर, त्याच ब्रेकांवर, आपली मुले बसवून निघाला. काल त्याच्या जिवाला जो धोका होता, तो आज पैसे दिल्यामुळे किंचित तरी कमी झाला काय? उलट काल मालक शेजारी चालत होता, आज तोही नाही. ज्या मौनाने काल पातक घडत होते तेच मौन आज केवळ मालकी बदलली म्हणून निष्पाप कसे झाले, याचे उत्तर कायद्याजवळ आहे, कारण कायद्याला कोठेतरी रेषा ओढावी लागते. धर्माजवळ ते उत्तर मला सापडलेले नाही.

सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद नोंदवून ठेवला आहे. दुष्काळाने गांजलेल्या ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन आलेल्या सचोटीच्या व्यापाऱ्याला, मागून आणखी गलबते येत आहेत हे ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? घर विकणाऱ्याला त्यातले दोष माहीत आहेत. त्याने ते उघड करावेत काय? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणे की कायद्याने जेवढे सांगावयास लावले आहे तेवढे सांगावे, बाकी घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. लपवणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे की माणसामाणसांत निसर्गानेच एक बंध घातलेला आहे, आणि आपल्या लाभासाठी दुसऱ्याला अज्ञानात ठेवणे म्हणजे तो बंध तोडणे होय. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. परंतु डायोजेनिसचे मत परभणीच्या बाजारातही रोज ऐकू येते, आणि ते पुष्कळदा अगदी प्रामाणिक चेहऱ्याने उच्चारले जाते: “पाव्हणे, चालवून बघा, मग बोला, आम्ही कुठं अडवलं?”

या वाक्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण त्यात चाचणीचा सर्वांत सूक्ष्म दुरुपयोग दडलेला आहे. चाचणी देणे हे वरकरणी मोकळेपणाचे लक्षण. परंतु ‘मी पाहू दिले, म्हणून सांगण्याच्या जबाबदारीतून मी सुटलो’ असा तिचा अर्थ लावला, की तीच चाचणी दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचे साधन बनते. एका घटकेत जे कळूच शकत नाही ते कळून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली जाते, आणि मागाहून तो रडत आला तर त्याला त्याच्याच परीक्षेचा हवाला दिला जातो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा जो विचार आहे तो येथे फार उपयोगी पडतो. वाणीचे प्रयोजन काय, तर आपल्याला जे ज्ञान झाले ते दुसऱ्याच्या ठायी संक्रांत करणे, असे भाष्यकार म्हणतो. आणि म्हणून जी वाणी फसवणारी आहे, किंवा भ्रम उत्पन्न करणारी आहे, किंवा ऐकणाऱ्याच्या मनात कोणताच बोध उमटवीत नाही, ती सत्याच्या कसोटीला उतरत नाही. यातली तिसरी अट विलक्षण आहे. खोटे न बोलणे पुरेसे नाही. माझे जाणणे त्याचे जाणणे झाले की नाही, हे पाहिले पाहिजे. ‘बैल जरा तापट आहे’ असे हसत हसत म्हणणारा विक्रेता असत्य बोललेला नसतो. परंतु तो बैल कोणत्या वेळी, कशाने बुजतो आणि तेव्हा कासरा कसा धरावा, हे जोपर्यंत घेणाऱ्याला कळलेले नाही, तोपर्यंत त्याची वाणी वांझ राहिली असेच म्हणावे लागेल. या दृष्टीने पाहता चाचणी हा सांगण्याला पर्याय होऊ शकत नाही. सांगितलेले पडताळून पाहण्याची ती जागा आहे. आधी दोष सांगावा, मग म्हणावे की आता चालवून पाहा.

विकणाऱ्याची बाजू येथे टाळता येणार नाही, कारण अधीनता दोन्हीकडून आहे. चालवून पाहतो म्हणून नेलेले वाहन परत आलेच नाही, अशा फिर्यादी पोलीस ठाण्यांत दाखल होतात, आणि ट्रॅक्टरवर कर्जाचे हप्ते शिल्लक असलेल्या शेतकऱ्याला असे एक नुकसान आयुष्यातून उठवू शकते. म्हणून त्याने गिऱ्हाइकाचे लायसन्स पाहावे, नाव-गाव विचारावे, विम्याची मुदत संपलेली नाही याची खात्री करावी, रस्ता आपण ठरवावा आणि फेरी संपेपर्यंत शेजारी बसून राहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवाना नसलेल्या मनुष्याला वाहन चालवू न देणे ही मालकाची जबाबदारीच आहे. सौदा झाल्यावरही चौदा दिवसांच्या आत त्याने हस्तांतराची खबर द्यावयाची असते, व घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. आणि जोपर्यंत नोंदणीत नाव बदललेले नाही तोपर्यंत अपघाताच्या भरपाईला जुना मालक बांधलेला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आहे.

पण अशी खबरदारी म्हणजे अविश्वास नव्हे काय, आणि अविश्वासाने दुसऱ्याचा अपमान होत नाही काय? पुष्कळ सरळ मनाची माणसे या संकोचापायी काही विचारीत नाहीत, आणि तो संकोच त्यांना धर्माचा वाटतो. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी मनुष्याचा नाश होतो असे सांगितले आहे आणि श्रद्धावानाला ज्ञान मिळते असेही. परंतु त्याच अध्यायात, थोडे आधी, ज्ञान मिळवण्याच्या मार्गात प्रणाम आणि सेवा यांच्या जोडीने प्रश्न विचारणेही घातले आहे, हे विसरता कामा नये. ज्याची निंदा झाली तो संशय मनात दाबून ठेवलेला आहे. जो उत्तरासाठी तोंडावर विचारला जातो तो प्रश्न श्रद्धेच्याच कुळातला. लायसन्स उघडपणे मागणारा मालक गिऱ्हाइकाला स्पष्ट उत्तर देण्याची संधी देतो. काहीच न विचारता चावी देऊन मागाहून आपल्या पोराला मोटरसायकलवरून पाळत ठेवावयास धाडणारा मालक तीही देत नाही, आणि दोघांतला अधिक अपमान करणारा कोण, हे ठरवणे कठीण नाही. उघड खबरदारीत परस्परता असते: मालक शेजारी बसतो तेव्हा तोही त्याच ब्रेकांवर आपला जीव ठेवतो. बैलाच्या चाचणीत तर हे मुळातच ठरून गेलेले आहे; परक्याने कासरा धरला तरी मालक बैलाच्या खांद्याशी चालत राहतो, कारण तो आवाज जनावराच्या ओळखीचा असतो.

येथवर मी सत्याची मागणी विकणाऱ्याकडे केली. परंतु ती कोणाकडे करतो आहोत हे पाहिल्याशिवाय ती मागणी न्याय्य होणार नाही. या जिल्ह्यात बैल हौसेने फारसे विकले जात नाहीत. १९७२ च्या दुष्काळात चाराच उरला नाही म्हणून मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीला काढली; पुढच्याही दुष्काळांत तेच झाले. ज्याच्या घरी मुलीचे लग्न आहे, दवाखान्याचे देणे आहे, किंवा सावकाराची मुदत भरली आहे, त्याला आपल्या बैलाची खोड सांगण्याचे मोल आपल्याहून कितीतरी अधिक द्यावे लागते. सधन मनुष्याचे सत्य स्वस्त असते. तरीही गरजूला असत्याची सवलत द्यावी असे मला म्हणवत नाही, कारण समोरचा घेणाराही बहुधा त्याच्याइतकाच गरजू, उचल घेऊन आलेला असतो, आणि एकाच्या गरजेचे ओझे न सांगता दुसऱ्याच्या गरजेवर लादणे याला न्याय म्हणता येत नाही. मग वाट कोणती? माझ्या मते ती ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे. सत्य सांगणाऱ्याचा जसा धर्म आहे तसा ते ऐकणाऱ्याचाही आहे, आणि आपल्या नीतिग्रंथांत या दुसऱ्या धर्माचा विचार पुरेसा झालेला नाही. बैल चढावर बसतो असे मालकाने आपण होऊन सांगितले, तर त्या दोषापुरती किंमत कमी मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. परंतु तेवढे निमित्त करून, दलालाला डोळा घालून, निम्म्या भावात जनावर ओढून नेणे, हा त्या सत्याला केलेला दंड होय. असे दंड ज्या बाजारात नित्य होतात तेथे पुढच्या आठवड्यात कोणी खरे बोलत नाही, आणि मग घेणारेच तक्रार करतात की सचोटी उरली नाही. तुकोबांनी धन जोडण्याला मनाई केली नाही, व्यवहार चोख असावा एवढीच अट घातली; ती अट मोजणाऱ्या हातालाही लागू आहे, केवळ विकणाऱ्या जिभेला नव्हे.

आणखी एक पक्ष या चाचणीत असतो, ज्याला कोणी विचारीत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात तपाचा गर्व झालेल्या जाजलीला धर्म शिकवण्यासाठी काशीचा तुलाधार हा वाणी योजला आहे. त्याची तागडी सर्व भूतांना समान आहे, आणि बैलांची वेसण टोचणाऱ्या, त्यांच्यावर अतोनात ओझी लादणाऱ्या लोकांविषयी तो व्यापारी स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त करतो. भर उन्हात एकामागून एक गिऱ्हाइकांना ओढून दाखवण्यासाठी एकच बैल भरल्या गाडीला दिवसभर जुंपला जातो, तेव्हा तुलाधाराची तागडी कोणीकडे झुकेल? पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून मळले, तोच खांदा बाजाराच्या दिवशी शक्तीच्या प्रदर्शनासाठी सोलून निघत असेल, तर ती पूजा आणि ही परीक्षा एकाच घरात कशा नांदतात, हे प्रत्येकाने आपल्या दावणीशी विचारावे. ट्रॅक्टरला वेदना नाही, हा यंत्राचा मोठाच उपकार आहे.

परंतु मूळ प्रश्न अजून उरला आहे, आणि तो करार कायद्याच्या त्या दुसऱ्या दृष्टान्तात लपलेला आहे. घोडा घेणारी ‘ब’ ही मुलगी असेल तर बापाचे मौन कपट ठरते, लिलावातला ‘ब’ परका असेल तर ठरत नाही. म्हणजे दोष घोड्यात सारखाच असून कर्तव्य नात्यावरून ठरते. कायद्याचा हा विचार मला चुकीचा वाटत नाही. त्याने नात्याची जी सीमा आखली ती मात्र आमच्या भागातल्या लोकांनी स्वतःच कित्येक वर्षांपूर्वी ओलांडलेली आहे. आषाढी वारीला निघालेली शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी आणि गंगाखेडवरून जाते. त्या दिवसांत घरोघर भाकरी थापल्या जातात, आणि जनाबाईंच्या त्या गंगाखेडात ज्याचे गाव, जात, नाव काहीही ठाऊक नाही अशा मनुष्याच्या पायांवर डोके ठेवून त्याला ‘माउली’ म्हटले जाते; तोही तितक्याच सहजतेने वाकून परत पायांना हात लावतो. हा उपचार नाही. निदान जे करतात ते तो उपचार म्हणून करीत नाहीत. अँटिपेटरला जो बंध तर्काने सिद्ध करावा लागला, तो येथे कोणी सिद्ध करीत बसत नाही. आता हाच मनुष्य, टाळ खाली ठेवून, उचलीचे पैसे कमरेला बांधून, दसऱ्याच्या आधी त्याच गावच्या त्याच घरी बैल पाहावयास आला आणि चालवून पाहू का म्हणून त्याने कासऱ्याला हात घातला, तर बैल चढावर बसतो हे त्याला सांगण्यासाठी त्याच्याशी आणखी कोणते नाते असावे लागते?